संगणकभाषेचे व्याकरण आणि नव्या रचनांचा प्रवेश : पायथनच्या व्याकरण-परिवर्तनाची चिकित्सा

१

महाभाष्याच्या पहिल्याच आन्हिकात पतंजलीने कुंभाराचा एक दृष्टांत दिला आहे. ज्याला घट हवा असेल तो कुंभाराच्या घरी जातो आणि घट घडवून देण्यास सांगतो. परंतु ज्याला शब्द वापरावयाचे आहेत असा कोणीही वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. शब्द लोकव्यवहारात आधीच सिद्ध असतात, आणि व्याकरणाने त्यांचे केवळ अन्वाख्यान करावयाचे असते, हे त्या दृष्टांताचे तात्पर्य होय. मराठी व्याकरणाच्या परंपरेतही ही भूमिका अपरिचित नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या बृहद्‌ग्रंथाचे मोल ठरविताना, त्यात प्रत्यक्ष मराठी भाषेचे स्वरूप किती यथार्थपणे उतरले आहे, हीच कसोटी अभ्यासक लावतात.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र असा एक भाषावर्ग अस्तित्वात आला की ज्याच्या बाबतीत पतंजलीचा दृष्टांत उलटा लावावा लागतो. संगणकास आज्ञा देण्याकरिता रचलेल्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये व्याकरण आधी सिद्ध होते आणि प्रयोग त्यामागून येतात. येथे रचना हवी असणारा मनुष्य खरोखरच वैयाकरणाच्या दारी जातो, आणि वैयाकरण ती घडवून देतो अथवा नाकारतो. जॉन बॅकस यांनी १९५९ साली मांडलेली आणि पीटर नाउर यांनी संपादिलेल्या १९६० च्या अल्गोल-अहवालात स्थिर झालेली नियमलेखनाची पद्धती ही या व्याकरणांची जननी. तिचे पाणिनीय सूत्रपद्धतीशी असलेले साम्य लक्षात घेऊन पीटर इंगरमन यांनी १९६७ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातील पत्रात तिला पाणिनी-बॅकस पद्धती म्हणावे, असे सुचविले होते. ते नाव रूढ झाले नाही. परंतु तुलनेचे दार तेव्हापासून उघडे आहे.

असे व्याकरण एकदा प्रसिद्ध झाले म्हणजे त्याच्या आधारे लक्षावधी ओळींचे लेखन होते. त्यानंतर भाषेत नवी रचना आणावयाची झाल्यास वैयाकरणासमोर दुहेरी कर्तव्य उभे राहते : नव्या रचनेला जागा द्यावयाची, आणि जुन्या लेखनाचा अर्थ अबाधित ठेवावयाचा. मराठीत १९६२ साली लेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले तेव्हा अनुस्वारांनी भरलेली जुनी पुस्तके कोणाला वाचता येईनाशी झाली नाहीत, कारण मनुष्यवाचक उदार असतो. यंत्रवाचक तसा नसतो. एका चिन्हाच्या फरकाने तो अख्खे पुस्तक मिटून ठेवतो. या दृष्टीने पायथन या भाषेच्या व्याकरणात २०२० च्या सुमारास झालेल्या परिवर्तनाची आणि त्याच्या परिणामांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत असताना १९८९ च्या अखेरीस रचावयास घेतली व १९९१ च्या फेब्रुवारीत प्रथम प्रसृत केली. भाषेचे नियम एका स्वतंत्र मजकुरात लिहावयाचे आणि त्या मजकुरावरून वाक्यपृथक्करण करणारी यंत्रणा, म्हणजे पार्सर, आपोआप निर्माण करावयाची, ही व्यवस्था अगदी आरंभापासून होती. पार्सर निर्माण करणाऱ्या त्या उपकरणाचे नाव पीजेन. या व्यवस्थेमुळे पायथनचे व्याकरण हा एकाच वेळी वाचनीय ग्रंथ आणि चालते यंत्र ठरला. ग्रंथात दुरुस्ती केली की यंत्र बदलते.

हे व्याकरण ज्या वर्गात मोडत असे त्याला एलएल(१) असे नाव आहे. वाक्य डावीकडून उजवीकडे वाचावे, प्रत्येक टप्प्यावर पुढचे केवळ एक पद पाहावे, आणि तेवढ्यावरून कोणता नियम लावावयाचा ते ठरवावे. एकदा ठरविलेले मागे घेऊ नये, असा या वर्गाचा दंडक आहे. मराठीचे उदाहरण घेतले असता या दंडकाचा जाच स्पष्ट होतो. ‘रामाने’ हे पद ऐकून कर्तरी प्रयोग नाही एवढे कळते; परंतु पुढे ‘गाय बांधली’ येऊन कर्मणी प्रयोग सिद्ध होणार की ‘गाईस बांधले’ येऊन भावे प्रयोग सिद्ध होणार, हे त्या पदावरून सांगता येत नाही. एका पदावर निर्णय घेण्यास बांधलेला वाचक येथे अडतो. मराठी माणूस पुढच्या पदाची वाट पाहतो आणि अडचण जाणवतही नाही.

या दंडकामुळे पायथनच्या व्याकरणास अनेक ठिकाणी खऱ्यापेक्षा सैल बोलावे लागे. मूल्य देण्याच्या वाक्यात बरोबरीच्या चिन्हाच्या डावीकडे केवळ नाव, यादीतील स्थान अशा काही मोजक्याच गोष्टी येऊ शकतात. फलनाला केलेली हाक तेथे चालत नाही. परंतु नाव आणि हाक यांचा आरंभ सारख्याच पदाने होतो. एका पदावरून त्यांतला भेद ओळखता येत नसल्याने जुन्या व्याकरणाने ‘कोणतीही पदावली, मग बरोबरीचे चिन्ह, मग कोणतीही पदावली’ असा ढिला नियम लिहिला आणि चुकीची वाक्ये नाकारण्याचे काम पुढच्या टप्प्यावरील हस्तलिखित आज्ञावलीवर सोपविले. फलनास नावाने मूल्य पुरविण्याच्या रचनेतही हेच झाले. तेथे डावीकडे केवळ नाव यावे असा हेतू होता. परंतु ते नाव कंसात घातले तरी जुना पार्सर तक्रार करीत नसे. ही गळती २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत बुजविण्यात आली, आणि तीही व्याकरणाच्या बाहेर.

याचा अर्थ असा की छापील व्याकरण एक भाषा सांगत होते आणि यंत्र दुसरी भाषा स्वीकारीत होते. दोहोंमधील अंतर ज्या आज्ञावलीने भरून काढले जाई, ती व्याकरणाच्या वाचकास दिसत नसे. विश्लेषणाच्या दृष्टीने हा दोष गंभीर मानला पाहिजे. व्याकरणातील नियमांचे समाधान करूनही वाक्य अशुद्ध ठरावे आणि ते का अशुद्ध, हे व्याकरणात कोठेही सापडू नये, अशी ही स्थिती होती.

एवढे असूनही जुन्या व्यवस्थेचे एक श्रेय नाकारता येणार नाही. एका नियमाचे दोन पर्याय एकाच पदाने सुरू होत असतील तर पीजेन ते व्याकरणच स्वीकारीत नसे. नवी रचना सुचविणाऱ्यास ही तपासणी आधी ओलांडावी लागे. परिणामी भाषेत जी रचना आली ती एका दृष्टिक्षेपात ओळखू येईल अशीच आली. पायथनच्या लेखनात जी सुबोधता वाखाणली जाते तिचा काही अंश या सक्तीच्या शिस्तीतून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

३

ही शिस्त कोठे तुटली हे ‘विथ’ या वाक्यप्रकारावरून उत्तम कळते. एखादी फाइल उघडावयाची, तिला ‘ॲज’ या शब्दाने नाव द्यावयाचे, काम झाल्यावर ती आपोआप मिटावी, अशी सोय या वाक्यात आहे. एका वेळी तीन-चार फाइली उघडावयाच्या असल्यास ओळ फार लांब होते. म्हणून सर्व घटक कंसात घालून अनेक ओळींत मांडण्याची मुभा असावी, ही मागणी स्वाभाविक होती. परंतु ‘विथ’नंतर आलेला कंस हा अशा गटाचा आरंभ आहे, की एखाद्या साध्या पदावलीभोवती घातलेला कंस आहे, हे कंस पाहून कळत नाही. आत कितीतरी पदे गेल्यानंतर ‘ॲज’ भेटते तेव्हा उलगडा होतो. एक पद पाहून निर्णय करणाऱ्या वाचकाच्या आवाक्यात ही रचना येणे शक्य नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये व्हान रॉसम, पाब्लो गालिंदो आणि लिसांड्रोस निकोलाऊ यांनी भाषासुधारणेचा ६१७ क्रमांकाचा प्रस्ताव मांडला. एलएल(१) पार्सर काढून त्याच्या जागी पार्सिंग एक्स्प्रेशन ग्रामर, संक्षेपाने पेग, या पद्धतीचा पार्सर आणावा, असे त्यात प्रतिपादन होते. पेगची सैद्धांतिक मांडणी ब्रायन फोर्ड यांनी २००४ साली केली होती. या पद्धतीत नियमाचे पर्याय क्रमाने तपासले जातात. पहिला पर्याय फसला की पार्सर मागे येतो, दुसरा लावून पाहतो; आणि जो पर्याय प्रथम जुळतो तोच अंतिम. पुन्हापुन्हा मागे येण्याने वेळ वाया जाऊ नये म्हणून एकदा केलेल्या तपासणीचे फळ स्मरणात ठेवले जाते. २०२० च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या ३.९ या आवृत्तीत हा पार्सर प्रस्थापित झाला. त्या एका आवृत्तीपुरता जुना पार्सर मागून घेण्याची सोय ठेवली होती. २०२१ च्या ३.१० या आवृत्तीत ती गेली.

या परिवर्तनाचे पहिले फळ म्हणजे व्याकरणाचा प्रामाणिकपणा वाढला. मूल्य देण्याच्या वाक्यात डावीकडे काय चालते ते आता नियमातच सांगितलेले असते. वजाबाकीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. दहातून चार आणि मग तीन वजा करावयाचे असता आधी पहिली वजाबाकी होते, मग दुसरी. म्हणजे रचना डावीकडे गुंफलेली असते. जुन्या पद्धतीत स्वतःपासूनच आरंभ होणारा नियम लिहिण्यास बंदी असल्यामुळे ‘एक पद, त्यानंतर वजाचे चिन्ह आणि पद यांची कितीही आवर्तने’ असा सपाट नियम द्यावा लागे आणि गुंफण नंतर बसवावी लागे. नव्या व्याकरणात ‘वजाबाकी म्हणजे वजाबाकी, वजाचे चिन्ह आणि पद’ असा नियम लिहिता येतो. वाक्याची घडण नियमाच्या घडणीत दिसू लागते. वर्णनाच्या कसोटीवर ही निर्विवाद प्रगती आहे.

दुसरी गोष्ट परिवर्तनाच्या रीतीविषयी. प्रथम जुन्या भाषेचेच नवे व्याकरण रचण्यात आले, दोन्ही पार्सर तीच वाक्ये तशीच वाचतात की नाही हे अस्तित्वात असलेल्या विपुल लेखनावर पडताळण्यात आले, आणि वेग व स्मृतिव्यय यांत जुन्याशी सुमारे दहा टक्क्यांच्या आत अंतर राखण्यात आले. नव्या रचनांना दार उघडले ते त्यानंतर. कंसातील ‘विथ’ला अधिकृत मान्यता ३.१० मध्ये मिळाली. यंत्र बदलणे आणि भाषा बदलणे ही दोन कार्ये वेगळी ठेवण्याचा हा विवेक अनुकरणीय होय.

४

नव्या व्यवस्थेच्या गुणांबरोबर तिचा एक मूलभूत दोषही नोंदविला पाहिजे. बॅकस-परंपरेतील व्याकरणात उभ्या रेघेने वेगळे केलेले पर्याय समान पातळीवर असतात. त्यांचा क्रम बदलला तरी भाषा बदलत नाही. पेगमध्ये क्रम हाच निर्णायक. लहान पर्याय आधी आणि त्याचाच विस्तार असलेला मोठा पर्याय मागून लिहिला, तर मोठ्याची पाळी कधीच येत नाही. नियम ग्रंथात छापलेला राहतो, परंतु तो मृत असतो. अगदी उघड दिसणारी अशी काही स्थळे तपासणीत पकडता येतात. अनेक नियमांआड दडलेली मात्र निसटतात. एलएल(१) मध्ये द्व्यर्थता असल्यास यंत्र नकार देत असे. पेगमध्ये द्व्यर्थता उरतच नाही, कारण आधी लिहिलेल्या पर्यायाच्या बाजूने ती आपोआप निकालात निघते. वाद मिटतो, पण वाद होता हे वैयाकरणाला कळत नाही.

येथे पाणिनीय पद्धतीची तुलना उद्बोधक ठरते. अष्टाध्यायीत दोन तुल्यबल नियमांचा विरोध आला असता नंतरचा नियम बलवान ठरावा, अशी परिभाषा पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात दिली आहे. पेगची परिभाषा बरोबर विरुद्ध आहे : आधीचा बलवान. पाणिनीच्या व्यवस्थेत उत्सर्ग आधी सांगून अपवाद मागून सांगता येतो. पेगमध्ये अपवाद आधी मांडून उत्सर्ग त्याच्या मागे ठेवावा लागतो. परंतु खरा भेद दिशेपेक्षा खोल आहे. पाणिनीने विरोध-परिहाराचा नियम शास्त्राच्या अंगभूत सूत्रात उच्चारला, आणि तो कोठे लागू पडतो, कोठे नाही, यावर कात्यायन-पतंजलींपासून शतकानुशतके चर्चा झाली. विरोधाचे प्रत्येक स्थळ ओळखून त्याचा निकाल सकारण देणे हेच तेथे व्याख्यानाचे मुख्य काम झाले. पायथनच्या व्याकरणात विरोधाची स्थळे क्रमात विरून जातात. अमुक पर्याय वर का ठेवला, हे ग्रंथ स्वतः सांगत नाही.

याला चिन्हयोजनेची एक बाब जोडावी लागते. फोर्ड यांनी क्रमबद्ध पर्यायांकरिता तिरप्या रेघेचे वेगळे चिन्ह योजिले होते. उद्देश हा की वाचकास भेद डोळ्यांनी दिसावा. पायथनने मात्र जुनी उभी रेघच कायम ठेवली. तिचा आकार तोच, अर्थ निराळा. बॅकस-पद्धतीत मुरलेला विद्यार्थी हे व्याकरण वाचेल तेव्हा प्रत्येक नियम त्यास ओळखीचा वाटेल, आणि नेमक्या त्या ओळखीमुळे तो फसण्याचा संभव आहे. वाचकांची सोय पाहून ही निवड झाली असेल. शास्त्रीय लेखनात ती स्वीकारार्ह वाटत नाही.

नव्या व्याकरणाचा आणखी एक विशेष अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात शुद्ध रचनांच्या नियमांबरोबर अशुद्ध रचनांचेही नियम आहेत. पहिल्या वाचनात ते बाजूस ठेवले जातात. वाक्य कोणत्याही शुद्ध नियमात बसले नाही, तरच दुसरे वाचन होते आणि लेखकाची चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखून तिला अनुरूप सूचना दिली जाते. ३.१० पासून चुकांचे निदान अधिक नेमके झाले त्यामागे या नियमांचा मोठा हात आहे. भाषेच्या संदर्भग्रंथात छापलेल्या व्याकरणातून मात्र हे नियम गाळलेले असतात. प्रमादांचे एवढे पद्धतशीर वर्गीकरण हाताशी असताना ते परिशिष्टरूपाने तरी प्रसिद्ध होणे युक्त झाले असते.

५

नव्या रचनेबरोबर नवा शब्द येतो तेव्हा जुन्या लेखनाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. भाषेने एखादा शब्द राखीव केला की ज्यांनी तो आपल्या आज्ञावलीत नाव म्हणून वापरला असेल त्यांचे लेखन त्या दिवसापासून अशुद्ध ठरते. पायथनने या प्रश्नास वेळोवेळी भिन्न उत्तरे दिली. २००१ पासून, भविष्यातील नियम ज्याला आजच हवा असेल त्याने तसे फाइलीच्या शिरोभागी सांगावे, अशी सोय झाली. ‘विथ’ हा शब्द याच वाटेने २००६ च्या २.५ मध्ये ऐच्छिक आणि २००८ च्या २.६ मध्ये सर्वांस बंधनकारक झाला.

‘असिंक’ आणि ‘अवेट’ या शब्दांची कथा निराळी. २०१५ च्या ३.५ मध्ये ते आले तेव्हा विशिष्ट संदर्भातच त्यांना विशेष अर्थ होता. पदे वेगळी करणाऱ्या टप्प्यावर काही युक्त्या योजून हे साधले होते. २०१८ च्या ३.७ मध्ये ते पूर्णतः राखीव झाले. पायथनच्या स्वतःच्या ग्रंथालयातील ‘असिंक’ नावाचे एक फलन तत्पूर्वीच निराळ्या नावाने द्यावे लागले होते. ज्यांनी तेच नाव आपल्या फलनांत वापरले होते त्यांचे लेखन ३.७ ने वाचण्यास नकार दिला. पूर्वसूचना दिलेली होती हे खरे. परंतु शब्द गेला तो गेला.

२०२१ च्या ३.१० मध्ये ‘मॅच’ आणि ‘केस’ हे शब्द आले तेव्हा ही वाट घेणे अशक्यप्राय होते. मजकुरातील नमुने शोधण्याच्या ग्रंथालयात ‘मॅच’ हे फलन फार जुने आणि सर्वांच्या वापरातले. म्हणून हे शब्द मृदू राखीव ठेवण्यात आले : वाक्याच्या आरंभी येऊन पुढे योग्य घडण जुळली तर ते विशेष शब्द, अन्यथा सामान्य नाव. व्याकरणाच्या ग्रंथात कठोर राखीव शब्द एकेरी अवतरणात व मृदू शब्द दुहेरी अवतरणात लिहिले जातात. एवढ्या बारीक खुणेवर हा भेद तोललेला आहे. पुढे २०२३ च्या ३.१२ मध्ये ‘टाइप’ या शब्दासही हीच वागणूक मिळाली.

हे समाधान पेगमुळे सुलभ झाले. ‘मॅच’नंतर कंस आला तर ती फलनास केलेली हाक असू शकते किंवा कंसातील वस्तूची नमुन्याशी तुलना असू शकते. ‘मॅच’नंतर वजाचे चिन्ह आले तर ती वजाबाकी असू शकते किंवा ऋण संख्येची तुलना. निर्णय ओळीच्या शेवटी विसर्ग-चिन्ह येते की नाही आणि पुढील ओळीवर ‘केस’ आहे की नाही यावर अवलंबून. पार्सर आधी तुलनेचा नियम लावून पाहतो, न जुळल्यास परत फिरतो. जुन्या लेखनातील एकही ‘मॅच’ यामुळे अशुद्ध झाला नाही. जुन्या लेखकांवर अन्याय न करता नवा शब्द आणण्याची ही रीत ‘असिंक’च्या रीतीपेक्षा सरस मानली पाहिजे. तिची किंमत मात्र वाचकाला द्यावी लागते : शब्दाची जात आता शब्दावरून कळत नाही, वाक्य पूर्ण झाल्यावर कळते. नैसर्गिक भाषांत हे नित्याचेच आहे. मराठीतील ‘कर’ हे आज्ञार्थी क्रियापद, हात की सरकारी देणे, हे वाक्यावरूनच ठरते. संगणकभाषा या बाबतीत नैसर्गिक भाषेच्या अंमळ जवळ आली, असे म्हणता येईल.

६

आतापर्यंतचे विवेचन एका अधिकृत पार्सरपुरते झाले. परंतु कोणतीही लोकप्रिय भाषा अनेक यंत्रवाचक वाचीत असतात : लेखन नीटनेटके करणारी साधने, दोष शोधणारी साधने, जुन्या आज्ञावली नव्या रूपात आणणारी साधने. यांपैकी पुष्कळांचे पार्सर स्वतंत्र असतात, आणि मूळ व्याकरणाने उडी घेतली की त्यांना ती स्वतः घ्यावी लागते. पायथनच्या दुसऱ्या पिढीतील लेखन तिसऱ्या पिढीत रूपांतरित करणारे एक ग्रंथालय भाषेबरोबरच दिले जात असे. त्याचा पार्सर एलएल(१) वर्गातला होता, ३.१० मधील नव्या रचना त्यास वाचता येईनात. ते दुरुस्त करण्याऐवजी निवृत्त करण्याचा निर्णय झाला आणि २०२४ च्या ३.१३ मधून ते काढून टाकण्यात आले. त्याच वंशातील पार्सरवर उभे असलेले ब्लॅक हे लेखन-सुसूत्रीकरणाचे साधन मात्र टिकले, कारण त्याच्या कर्त्यांनी आपल्या पार्सरमध्ये मागे येण्याची क्षमता स्वतः बसविली.

व्याकरणाच्या स्मृतीचा प्रश्नही येथेच येतो. ३.८ पासून पायथनच्या ग्रंथालयात अमुक जुन्या आवृत्तीचे लेखन समजून हा मजकूर वाचावा, असे पार्सरला सांगण्याची सोय झाली. ३.४ चे लेखन म्हणून वाचावयास सांगितल्यास तो ‘असिंक’ला सामान्य नाव मानीत असे. ही सोय शक्य तितपत चालेल, हमी नाही, असे प्रथमपासूनच म्हटले होते. २०२४ च्या ३.१३ मध्ये तिची मागची मर्यादा ३.७ वर आणण्यात आली. म्हणजे ज्या आवृत्तीत ‘असिंक’ राखीव झाला, त्यापूर्वीच्या काळाचे वाचन अधिकृत पार्सरने सोडून दिले. जुन्या व्याकरणाचे जतन हे अभ्यासकाच्या दृष्टीने भाषेच्या इतिहासाचे जतन होय. यंत्राच्या पालकांच्या दृष्टीने तो वाढता भार होय. दोन्ही दृष्टी आपापल्या ठिकाणी खऱ्या असल्या, तरी पहिली बाजू मांडण्यास भाषेच्या कारभारात कोणी नसते, हे खेदाने नमूद करावे लागते.

७

शेवटी एका उदाहरणात या सर्व प्रश्नांची गाठ पडते. चूक उद्भवल्यास ती झेलण्याकरिता पायथनमध्ये ‘एक्सेप्ट’ हा शब्द आहे. दुसऱ्या पिढीच्या पायथनमध्ये त्यापुढे एक नाव, स्वल्पविराम आणि दुसरे नाव लिहिले, तर पहिल्या प्रकारची चूक झेलून तिला दुसरे नाव द्यावे, असा अर्थ होई. नवशिके लेखक मात्र स्वल्पविराम पाहून दोन्ही प्रकारच्या चुका झेलल्या जातील, असे समजत आणि फसत. या द्व्यर्थतेमुळे २००८ साली तिसऱ्या पिढीत ती रचना रद्द झाली : नाव देण्यास ‘ॲज’ आले, आणि अनेक प्रकार सांगावयाचे तर कंस अनिवार्य ठरला. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१४ या आवृत्तीने ‘ॲज’ नसेल तेथे कंसाची सक्ती उठविली. परिणामी स्वल्पविरामाची तीच रचना परत आली, परंतु अर्थ बदलून : आता ती दोन्ही प्रकारच्या चुका झेलते.

या घटनेकडे दोन प्रकारांनी पाहता येते. जुन्या लेखनाच्या बाजूने पाहता धोका खरा आहे. मध्यंतरीच्या सर्व आवृत्त्या दुसऱ्या पिढीचे असे वाक्य दिसताच अशुद्ध म्हणून थांबत. आता तेवढे वाक्य निमूटपणे वाचले जाते आणि चूक प्रत्यक्ष उद्भवेल तेव्हाच घोटाळा उघडकीस येतो. व्याकरणाचा नकार जितका स्पष्ट तितका तो निरुपद्रवी असतो. मूक अर्थांतर हा त्याहून मोठा अपाय. याच्या समर्थनार्थ एवढेच म्हणता येते की दुसऱ्या पिढीची अधिकृत देखभाल २०२० च्या आरंभी संपली होती, रचना रद्द होण्यास सतरा वर्षे लोटली होती, आणि त्या काळातील लेखन बहुधा ‘प्रिंट’सारख्या इतर स्थळी अडखळतेच. कालांतर हेच येथे संरक्षण ठरले आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता यात एक समाधानाची गोष्ट आहे. स्वल्पविरामाने जोडलेली दोन नावे समान दर्जाची मानावी, हे लेखकांचे सहज वाचन होते. दुसऱ्या पिढीच्या व्याकरणाने ते चुकीचे ठरविले होते, ३.१४ ने ते शुद्ध मानले. वैयाकरणाने घडविलेल्या भाषेतही लोकांची प्रवृत्ती काही काळाने नियमावर आपली छाप उमटविते. या अर्थी पतंजलीचा दृष्टांत संगणकभाषांना अगदीच गैरलागू आहे असे म्हणवत नाही. घट कुंभार घडवितो, पण त्याचा आकार पाणी भरणारांच्या हातांकडे पाहूनच ठरत जातो.

एकंदरीत पाहता पायथनचे व्याकरण-परिवर्तन वर्णनाच्या यथार्थतेत आणि जुन्या लेखनाच्या आदरात पूर्वीच्या व्यवस्थेहून पुढे गेले आहे, असाच निर्णय द्यावा लागतो. ज्या बाबतीत ते मागे सरले ती म्हणजे विरोधाची जाणीव. जुने यंत्र नव्या रचनेस वेशीवर अडवून प्रश्न विचारीत असे. नवे यंत्र बहुतेकांना आत घेते. विचारण्याचे काम आता मनुष्यांवर आले आहे. पर्यायांच्या क्रमाची कारणे व्याकरणाच्या पोटातच लिहून ठेवण्याची, म्हणजे सूत्रासोबत भाष्य जतन करण्याची, प्रथा पडल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या ग्रंथांकडे केवळ यंत्रशास्त्राचा विषय म्हणून न पाहता नियमविरोध, अपवाद आणि रूपांची पुनरावृत्ती यांचे दिनांकित साधन म्हणून पाहावे. नैसर्गिक भाषेच्या इतिहासात जे बदल अनुमानाने जुळवावे लागतात, ते येथे आवृत्ती आणि वर्ष यांसह नोंदलेले सापडतात.